दगड एक, नावे दोन

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत जाण्याचा प्रसंग आला. शाळेने नुकतीच नवी प्रयोगशाळा बांधली होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढली होती, आणि शिक्षकांनी मोठ्या हौसेने प्रयोगाची टेबले काळ्याभोर, आरशासारख्या गुळगुळीत दगडाने मढवून घेतली होती. "ग्रॅनाइट बसवलाय, आता पन्नास वर्षे बघायला नको," असे मुख्याध्यापकांनी अभिमानाने सांगितले.

त्याच दिवशी नववीच्या वर्गाला हायड्रोक्लोरिक आम्लाचा प्रयोग होता. एका मुलाच्या हातून सौम्य आम्लाचे चार थेंब टेबलावर सांडले. लगेच बारीक फसफस झाली. फडक्याने पुसून घेतले, तरी तिथे करड्या रंगाचा खरखरीत डाग राहिला. तो काही केल्या जाईना. मुले घाबरली. एका मुलीने मात्र हळूच विचारले, "सर, ग्रॅनाइटवर आम्लाचा परिणाम होत नाही असं पुस्तकात आहे ना?"

मुलीचे म्हणणे बरोबर होते आणि पुस्तकही बरोबर होते. चूक होती ती नावात. तो दगड ग्रॅनाइट नव्हताच. कपाटातून बिल काढून पाहिले, तर त्यावर "काळी पॉलिश फरशी" एवढेच लिहिलेले होते. म्हणजे दुकानदाराने फसवले, असेही म्हणता येईना. 'काळे, चकचकीत आणि जड म्हणजे ग्रॅनाइट' असे सर्वांनीच गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ती कडप्पाची फरशी, म्हणजे काळा चुनखडक होता.

विद्यार्थी मित्रहो, दगडाच्या व्यापारात वापरले जाणारे शब्द आणि तुमच्या पुस्तकातील शब्द पुष्कळदा सारखेच असतात, पण त्यांचे अर्थ सारखे नसतात. हे कसे झाले, आणि दगड विकत घेताना किंवा अभ्यासताना त्यातून वाट कशी काढावी, ते आज आपण पाहू.

नाव ठेवण्याच्या दोन रीती

भूवैज्ञानिक खडकाला नाव देतो ते दोन प्रश्न विचारून. हा खडक कसा तयार झाला? आणि त्यात कोणकोणती खनिजे आहेत? तापलेला शिलारस थंड होऊन झालेला तो अग्निजन्य खडक, गाळ साचून झालेला तो स्तरित खडक, आणि आधीचाच खडक उष्णता व दाब यांनी बदलून झालेला तो रूपांतरित खडक, हे तुम्ही शिकला आहात. नंतर खनिजे पाहून त्याला नेमके नाव मिळते.

दगडाच्या व्यापाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. हा दगड कापायला किती कठीण? त्याला चकाकी येते का? त्याचा रंग कोणता, आणि तो कोणत्या गावाहून आला? दगड किती कोटी वर्षांपूर्वी तयार झाला याच्याशी गिऱ्हाइकाला कर्तव्य नसते, त्यामुळे व्यापाऱ्यालाही नसते.

व्यापारातील सर्वांत मोठी विभागणी 'मार्बल' आणि 'ग्रॅनाइट' अशी आहे. ती का पडली, हे कळण्यासाठी जुन्या काळी दगड कसा कापीत ते लक्षात घेतले पाहिजे. लोखंडाची बिनदात्याची पट्टी दगडावर मागेपुढे ओढायची आणि खाली वाळू व पाणी घालीत राहायचे, ही ती रीत. खरे कापण्याचे काम पट्टी करीत नसे, वाळू करीत असे. वाळूचे कण बहुधा क्वार्ट्झचे, म्हणजे आपल्या गारगोटीचे असतात. मोह्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली सुचविलेल्या काठिण्यमापात क्वार्ट्झचा अंक ७ आहे. संगमरवर ज्या कॅल्साइट खनिजाचा बनतो, त्याचा अंक फक्त ३. तेव्हा वाळूपुढे संगमरवर सहज हार खातो. पण ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतोच, आणि त्याच्या जोडीला ६ काठिण्याचे फेल्डस्पार असते. तेथे वाळू आणि दगड तुल्यबळ ठरतात आणि काम रखडते.

म्हणून कारागिरांच्या दृष्टीने दगडांचे दोनच मोठे गट पडले: सहज कापला जाऊन चकाकी घेणारा तो मार्बल, आणि कापताना घाम काढणारा पण चकाकी घेणारा तो ग्रॅनाइट. आजही कारखान्यांत या दोन गटांसाठी वेगवेगळ्या करवती असतात. एकाच वेळी अनेक पाती चालविणाऱ्या प्रचंड यंत्राला 'गँगसॉ' म्हणतात. मार्बलच्या गँगसॉच्या पात्यांना हिऱ्याच्या कणांचे तुकडे बसविलेले असतात, तर ग्रॅनाइटच्या गँगसॉवर पोलादाचे बारीक कण मिसळलेले पाणी सतत सोडले जाते. यावरून ध्यानात येईल की व्यापाऱ्याची विभागणी अज्ञानातून आलेली नाही. ती करवतीच्या अनुभवातून आलेली आहे.

संगमरवर म्हणजे काय?

संगमरवर हा शब्द फारसीतून आला. 'संग' म्हणजे दगड आणि 'मरमर' म्हणजे मार्बल. 'मरमर' आणि इंग्रजीतील 'मार्बल' या दोन्हींचे मूळ एका ग्रीक शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ चकाकणारा दगड असा सांगतात. म्हणजे मुळात हा शब्द चकाकीचा होता, घडणीचा नव्हता.

भूविज्ञानात मात्र त्याला काटेकोर अर्थ आहे. चुनखडक जमिनीत खोल गाडला गेला, तेथे तापला आणि दाबला गेला, म्हणजे त्यातील कॅल्साइटचे सूक्ष्म कण नव्याने स्फटिकरूप घेतात. हे नवे स्फटिक मोठे होतात आणि एकमेकांत घट्ट गुंततात. मूळ चुनखडकातील शंखशिंपल्यांचे अवशेष बहुधा पुसले जातात. असा रूपांतरित खडक म्हणजे संगमरवर. राजस्थानातील मकराण्याचा दगड या कसोटीला पुरेपूर उतरतो. ताजमहाल त्याचाच, आणि १९२१ साली पुरे झालेले कोलकात्याचे व्हिक्टोरिया स्मारकही त्याचेच. २०१९ साली आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक संघटनेने मकराण्याच्या संगमरवराची जागतिक वारसा-दगड म्हणून नोंद केली.

आता दुकानात फेरफटका मारू. तेथे 'जैसलमेर यलो मार्बल' मिळतो. हा सुंदर मधाळ पिवळा दगड. जैसलमेरचा सोनेरी किल्ला त्याच परिसरातील पिवळ्या दगडाचा आहे. पण भिंग घेऊन बारकाईने पाहिले, तर या मार्बलमध्ये कित्येकदा प्राचीन सागरी जीवांचे अवशेष सापडतात. अवशेष शाबूत आहेत, याचा अर्थ खडक रूपांतरित झालेला नाही. म्हणून भूवैज्ञानिक त्याला चुनखडक म्हणतो. तो चकाकी घेतो, म्हणून व्यापारी त्याला मार्बल म्हणतो.

त्याहून चमत्कारिक गोष्ट 'ग्रीन मार्बल'ची. उदयपूर जिल्ह्यातील ऋषभदेव, म्हणजेच केसरियाजी, या भागातून येणारा हा हिरवा, पांढऱ्या जाळीदार रेषांचा दगड तुम्ही मोठ्या इमारतींच्या दारात पाहिला असेल. तो मुळी चुन्याच्या कुळातलाच नाही. तो सर्पेंटिनाइट आहे. मॅग्नेशियमयुक्त अग्निजन्य खडकावर पाण्याची क्रिया होऊन तो बनतो. सापाच्या कातडीसारखा दिसतो, म्हणून हे नाव पडले. त्यातील पांढऱ्या रेषांवर आम्ल टाकले तर त्या फसफसतील, कारण त्या पुष्कळदा कॅल्साइटच्या असतात. हिरवा भाग मात्र शांत राहील. हा फरक केवळ पुस्तकी नाही. काही हिरव्या मार्बलच्या पातळ लाद्या ओल्या सिमेंटवर बसविल्या तर वाकतात, हे लादी बसविणाऱ्या गवंड्यांना अनुभवाने ठाऊक असते. पांढऱ्या मार्बलसाठी जी रीत चालते ती नावसारखेपणामुळे हिरव्याला लावली, तर फटका बसतो.

गावांच्या नावाचे दगड

आता आपल्या घरातील फरश्यांकडे वळू. शहाबादी, कडप्पा, कोटा, तांदूर, ही नावे महाराष्ट्रात कोणाला माहीत नाहीत? ही सगळी गावांची नावे आहेत. शहाबाद कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात, तांदूर तेलंगणात, कडप्पा आंध्र प्रदेशात आणि कोटा राजस्थानात. गावे एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर, रंग निरनिराळे. शहाबादी राखाडी, कडप्पा काळा, कोटा हिरवट-निळसर किंवा तपकिरी. पण रसायनशास्त्राच्या नजरेने चौघे एकाच कुळातले. चारही चुनखडक आहेत.

या दगडांची फरशी इतकी सहज का होते? कारण ते प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून तयार झाले. हे थर सपाट आणि बऱ्याच अंशी सारख्या जाडीचे. खाणीत पहार घालून थर उचकटला की फरशी जवळजवळ तयारच मिळते, ती करवतीने चिरावी लागत नाही. म्हणून ती स्वस्त पडते आणि म्हणूनच आपल्या वाड्यांत, शाळांत व रेल्वे स्थानकांवर जाऊन बसली.

कडप्पा या शब्दाची तर आणखी एक गंमत आहे. भूवैज्ञानिकांनीही हे नाव वापरले आहे. आंध्र प्रदेशातील अतिप्राचीन खडकांच्या एका फार मोठ्या समूहाला ते 'कडप्पा महासंघ' म्हणतात. त्यात चुनखडक, शेल, क्वार्ट्झाइट असे कित्येक खडक येतात. पण आपण जिला कडप्पा फरशी म्हणतो, ती ज्या 'नारजी चुनखडका'ची असते, त्याला भूवैज्ञानिक शेजारच्या 'कर्नूल संघा'त बसवतात. म्हणजे दुकानातील कडप्पा भूवैज्ञानिकाच्या कडप्पात नाही!

गावावरून नाव देण्याची ही पद्धत मुंबईतही चालत आली. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या भिंती कुर्ला आणि मालाड येथील दगडांच्या आहेत. कुर्ल्याचा दगड करडा बेसाल्ट, तर मालाडचा पिवळसर दगड ट्रॅकाइट नावाचा ज्वालामुखीजन्य खडक. मुंबईतील जुन्या इमारतींत 'पोरबंदर स्टोन' हेही नाव वारंवार भेटते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा हा मऊ, फिकट चुनखडक सागरी जीवांच्या बारीक कवचांच्या कणांचा बनलेला आहे. तो कोरायला सोपा, म्हणून नक्षीकामाला सोयीचा. आज कुर्ल्याला वा मालाडला गेलात तर खाणींच्या जागी वस्ती दिसेल, पण दगडाने गावाचे नाव जपून ठेवले आहे.

सगळीच नावे इतकी प्रामाणिक नसतात. 'कश्मीर व्हाइट' या नावाने जगभर विकला गेलेला पांढराशुभ्र, लालसर ठिपक्यांचा 'ग्रॅनाइट' काश्मीरचा नाही. तो तमिळनाडूतील मदुराई भागातून येतो. त्यातील लाल ठिपके गार्नेट या खनिजाचे आहेत, आणि तो दगड रूपांतरित खडकांत मोडतो. बर्फाची आठवण करून देणारे नाव दिले की पांढरा दगड अधिक मोहक वाटतो, एवढेच त्या नावाचे प्रयोजन.

काळा ग्रॅनाइट कोणाचा नातलग?

ग्रॅनाइट हा शब्द इटालियन 'ग्रॅनितो'वरून आला. त्याचा अर्थ दाणेदार. खरा ग्रॅनाइट पाहिला तर हे नाव पटते. त्यात काचेसारखा क्वार्ट्झ, गुलाबी किंवा पांढरे फेल्डस्पार आणि काळे अभ्रक यांचे दाणे नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखू येतात. शिलारस जमिनीच्या पोटात खोलवर सावकाश थंड झाला, म्हणून स्फटिकांना वाढायला सवड मिळाली. इरकली लुगड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कर्नाटकातील इलकल गावाच्या परिसरातून गुलाबी-लाल दगड येतो. तो दुकानातही ग्रॅनाइट आणि पुस्तकातही ग्रॅनाइट!

पण स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसणारा काळा ग्रॅनाइट? भूवैज्ञानिकाच्या व्याख्येत काळा ग्रॅनाइट बसतच नाही. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही फिकट रंगाची खनिजे ज्यात बहुसंख्य आहेत तो दगड काळाकुट्ट कसा असेल? दक्षिण भारतातून येणारे बहुतेक काळे ग्रॅनाइट हे डोलराइट किंवा गॅब्रो या खडकांचे असतात. त्यांत क्वार्ट्झ नसतो किंवा अगदी थोडा असतो. पायरॉक्सीनसारखी गडद खनिजे भरपूर असतात. आंध्र प्रदेशातील प्रकाशम जिल्ह्यात चिमकुर्ती येथे निघणाऱ्या 'ब्लॅक गॅलक्सी' दगडात काळ्या आकाशात तारे चमकावेत तसे सोनेरी ठिपके असतात. ते सोने नव्हे. ब्राँझाइट नावाच्या खनिजाचे ते चकाकणारे स्फटिक आहेत. हा दगडही गॅब्रोच्या कुळातील आहे.

आता खरी गंमत पाहा. गॅब्रो, डोलराइट आणि बेसाल्ट या तिघांचे रासायनिक घटक जवळजवळ सारखे असतात. एकाच प्रकारचा शिलारस खोलवर सावकाश थंड झाला तर मोठ्या दाण्यांचा गॅब्रो होतो, भेगेत शिरून थंड झाला तर मध्यम दाण्यांचा डोलराइट होतो, आणि लाव्हारूपाने जमिनीवर पसरून झटपट थंड झाला तर बारीक दाण्यांचा बेसाल्ट होतो. बेसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा दगड. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतल्या गेलेल्या लाव्ह्याचा तो बनला आहे. वेरूळचे कैलास लेणे त्यातच कोरले आहे आणि आजीचा पाटा-वरवंटाही त्याचाच. तेव्हा ओट्यावरचा काळा ग्रॅनाइट खऱ्या ग्रॅनाइटपेक्षा आजीच्या पाट्याचा अधिक जवळचा नातलग ठरतो!

मग व्यापारी त्याला ग्रॅनाइट का म्हणतो? उत्तर पुन्हा करवतीत आहे. तो कठीण आहे, ग्रॅनाइटच्या यंत्रावरच कापावा लागतो, चकाकी घेतो आणि सौम्य आम्लाने सहसा बिघडत नाही. ओट्यासाठी पाहिजेत ते गुण त्यात आहेत. नाव शास्त्राला धरून नसले, तरी वापर चुकलेला नाही.

खाणीतून विज्ञानात गेलेले शब्द

हे सारे वाचून कोणाला वाटेल, की शास्त्रज्ञांचे शब्द व्यापाऱ्यांनी बिघडवले. इतिहास मात्र उलटा आहे. मार्बल आणि ग्रॅनाइट हे शब्द पाथरवटांचे आणि शिल्पकारांचे होते. भूविज्ञान हे शास्त्र फार नंतर जन्मले. त्याने हे शब्द उचलले आणि त्यांचा अर्थ आखून घेतला. कारागीर आपल्या जुन्या, सैल अर्थालाच धरून राहिले.

आपल्या दख्खनच्या खडकांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. यातला 'ट्रॅप' स्वीडिश भाषेतील पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला. लाव्ह्याच्या थरांमुळे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ना! कोकणातील जांभ्या दगडाला शास्त्रात 'लॅटराइट' म्हणतात. फ्रान्सिस बुखानन याने केरळातील अंगाडिपुरम येथे हा दगड पाहिला. तेथील लोक तो जमिनीतून मऊ असतानाच विटांसारखा कापून काढीत, आणि हवेत तो कठीण होई. म्हणून त्याने १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून हे नाव दिले. कोकणातला कारागीर अशा कापलेल्या ठोकळ्याला 'चिरा' म्हणतो.

एक शब्द तर आपल्या देशातूनच जगभर गेला आहे. कुरुंदाचा दगड धार लावण्यासाठी वापरतात, हे तुम्हाला माहीत असेल. तमिळमधील 'कुरुंदम' या शब्दावरून खनिजशास्त्रात 'कोरंडम' हे नाव आले. काठिण्यमापात त्याचा अंक ९. पुढे १८९० च्या दशकात अमेरिकेत सिलिकॉन कार्बाइड हा कृत्रिम कठीण पदार्थ तयार झाला, तेव्हा कार्बन आणि कोरंडम यांची सांगड घालून त्याला 'कार्बोरंडम' नाव दिले गेले. लादीला पॉलिश करणारा कारागीर आज जो कार्बोरंडमचा दगड फिरवतो, त्याच्या नावात आपला कुरुंद दडलेला आहे.

कारागिरांची बोली

दगडाच्या धंद्यात गेलात तर आणखीही काही शब्द कानी पडतील. खाणीतून काढलेला मोठा चौकोनी दगड तो 'ब्लॉक'. त्याचे काप म्हणजे 'स्लॅब', आणि त्यांचे ठराविक मापाचे तुकडे म्हणजे लादी. बांधकामाचा ओबडधोबड दगड तो 'डबर', फोडून बारीक केलेला ती 'खडी', आणि झिजून भुगा होऊ लागलेला खडक तो 'मुरूम'. खडी मोजतात ती 'ब्रास'मध्ये. या ब्रासचा पितळेशी संबंध नाही. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. फरशीकामात मात्र १०० चौरस फुटांना ब्रास म्हणतात. एकच शब्द, एकदा आकारमानाचा आणि एकदा क्षेत्रफळाचा. तेव्हा गणिताच्या विद्यार्थ्यांनी सावध राहावे!

दगडाच्या पृष्ठभागाला 'फिनिश' म्हणतात. त्यामागेही विज्ञान आहे. पॉलिश केलेला दगड अधिक गडद का दिसतो? खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून दगड फिकट, धुरकट भासतो. गुळगुळीत पृष्ठभागावरून होणारे परावर्तन एकाच दिशेला जाते, आणि बाकीच्या दिशांनी दगडाचा मूळ रंग स्वच्छ दिसतो. नदीतला ओला गोटा वाळल्यावर फिका पडतो, त्याचे कारणही हेच.

जात्याला वा पाट्याला टाकी लावणारी बाई पूर्वी दारावर येत असे. झिजून गुळगुळीत झालेला दगड ती छिन्नीने टोचून पुन्हा खरखरीत करी. जिन्याच्या पायऱ्यांवर पाय घसरू नये म्हणून आजही दगडाला टाकी मारतात. हेच काम ग्रॅनाइटवर ज्वाळेने करतात. त्याला 'फ्लेम फिनिश' म्हणतात. दगडावरून प्रखर ज्योत फिरवली की निरनिराळी खनिजे कमीअधिक प्रसरण पावतात. क्वार्ट्झच्या स्फटिकाची रचना तर ५७३ अंश सेल्सिअसला बदलते आणि तो एकदम फुगतो. त्यामुळे वरच्या थराच्या कपच्या उडून पृष्ठभाग खडबडीत होतो. संगमरवराला ही क्रिया मानवत नाही, तो नुसता खराब होतो.

नावात प्राण गुंतलेले असतात

आतापर्यंत आपण पैशाच्या नुकसानीचा विचार केला. पण दगडाच्या नावाशी माणसाच्या आरोग्याचाही संबंध आहे.

हल्ली ओट्यासाठी 'क्वार्ट्झ' नावाच्या लाद्या विकल्या जातात. प्रयोगशाळेत क्वार्ट्झ म्हणजे एक खनिज, सिलिकॉन डाय-ऑक्साइड. दुकानातला क्वार्ट्झ मात्र खाणीतून निघालेला दगड नाही. क्वार्ट्झचा चुरा राळेसारख्या कृत्रिम पदार्थात घट्ट बसवून तो कारखान्यात बनवतात. त्यात सिलिकाचे प्रमाण पुष्कळदा ९० टक्क्यांच्या आसपास असते. तो कोरडा कापला तर अतिसूक्ष्म सिलिकाची धूळ उडते. ही धूळ फुप्फुसांत जाऊन बसते, तेथे व्रण धरतात, आणि माणसाला धाप लागू लागते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो टाळता येतो, पण जडल्यावर बरा करता येत नाही. मध्य प्रदेशातील मंदसोर येथे पाटीवर लिहिण्याच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांना या रोगाने ग्रासले होते. तुमच्या आजोबांच्या पाटीवरची पेन्सिल कोणाच्या तरी श्वासाच्या मोलाने तयार झाली असेल! ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या वापरावर बंदी घातली आहे.

शुद्ध संगमरवरात क्वार्ट्झ अगदी अल्प असतो, खऱ्या ग्रॅनाइटमध्ये पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक, वालुकाश्मात तर बहुतांशी क्वार्ट्झच असतो. म्हणजे "हा कोणता दगड?" या प्रश्नाचे खरे उत्तर त्या दगडापुढे करवत घेऊन बसणाऱ्या कारागिराला सर्वांत आधी मिळाले पाहिजे. पाणी सोडून कापणे, धूळ ओढून घेणे आणि योग्य मुखपट्टी वापरणे हे उपाय कोणताही दगड कापताना हवेत. पण सिलिका जितकी जास्त, तितकी गरज अधिक.

मग यावर उपाय काय? व्यापाऱ्यांनी आपली नावे टाकून द्यावीत, असे कोणी म्हणत नाही. अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेने बांधकामाच्या दगडांच्या परिभाषेसाठी सी-११९ हे मानक केले आहे. त्यात 'ब्लॅक ग्रॅनाइट' हा शब्द व्यापारी अर्थाने सरळ मान्य केला असून, गॅब्रोसारख्या गडद खडकांना ते नाव व्यवहारात वापरतात असे नोंदवले आहे. युरोपच्या ईएन १२४४० या मानकाने दुसरी वाट धरली. दगडाचे रूढ नाव खुशाल द्या, पण त्याबरोबर त्याचे भूवैज्ञानिक कूळ, नेहमीचा रंग आणि उगमाचे ठिकाणही सांगा. आपल्या भारतीय मानकांतही संगमरवरासाठी आयएस ११३० हे स्वतंत्र मानक आहे. नाव एक असो वा दोन, दोन्ही कागदावर आली की गोंधळ संपतो.

करून पाहा

लादीच्या दुकानामागे निरनिराळ्या दगडांचे टाकाऊ तुकडे पडलेले असतात. दुकानदाराला विचारून पाच-सहा जमवा. प्रत्येकाचे दुकानातले नाव चिठ्ठीवर लिहून चिकटवा आणि पुढील परीक्षा करा. घरच्या ओट्यावर वा फरशीवर मात्र हे प्रयोग करू नका.

१. भिंगातून पाहा. वेगवेगळ्या रंगांचे गुंतलेले दाणे दिसतात का? थर दिसतात का? शंखशिंपल्यांचे अवशेष आहेत का?

२. पोलादी चाकूच्या टोकाने कडेला ओरखडा काढा. चाकूचे काठिण्य साधारण साडेपाच असते. चुनखडक, संगमरवर आणि सर्पेंटिनाइट यांवर ओरखडा उठेल. ग्रॅनाइट आणि गॅब्रो यांवर सहसा उठणार नाही, उलट चाकूचाच धातू घासून रेघ उमटेल. ती बोटाने पुसून खात्री करा.

३. लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसा. चकाकी गेली तर दगडात कॅल्शियम कार्बोनेट आहे. शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला, तर कार्बन डाय-ऑक्साइड वायूचे बुडबुडे स्पष्ट दिसतील. डोळ्यांना चष्मा अवश्य लावा. डोलोमाइटयुक्त संगमरवर मात्र लगेच फसफसत नाही. त्याचा थोडा चुरा करून त्यावर थेंब टाकावा.

४. आता चिठ्ठीवरील दुकानी नावापुढे तुमच्या परीक्षेवरून ठरलेले नाव लिहा. किती ठिकाणी दोन्ही जुळतात, ते मोजा.

तुमच्या संग्रहात पुढील जोड्या बहुधा मिळतील:

मकराणा मार्बल: संगमरवर, रूपांतरित खडक.
जैसलमेर यलो मार्बल: चुनखडक, स्तरित खडक.
ग्रीन मार्बल: सर्पेंटिनाइट.
कोटा, कडप्पा, शहाबादी: चुनखडक, स्तरित खडक.
इलकलचा लाल ग्रॅनाइट: ग्रॅनाइट, अग्निजन्य खडक.
काळा ग्रॅनाइट: गॅब्रो किंवा डोलराइट, अग्निजन्य खडक.

ज्या शाळेपासून आपण सुरुवात केली, तेथे नंतर पुन्हा एकदा जाणे झाले. टेबले बदलायला पैसे नव्हते. म्हणून शिक्षकांनी रसायनशास्त्राचे प्रयोग चिनी मातीच्या लाद्या बसविलेल्या दुसऱ्या ओट्यावर हलवले, आणि काळ्या फरशीची टेबले भौतिकशास्त्राच्या प्रयोगांना दिली. तो करडा डाग मात्र त्यांनी घासून काढला नाही. दरवर्षी नव्या वर्गाला ते प्रथम तो डाग दाखवतात आणि विचारतात, "सांगा पाहू, हा दगड कोणता?" मुले एका सुरात म्हणतात, "ग्रॅनाइट!" मग सर शांतपणे चाकू, भिंग आणि आम्लाची बाटली टेबलावर ठेवतात, आणि तास सुरू होतो.